सुभद्राअक्काच्या घरातली पाच माणसं

सुभद्राअक्कावर दोन पानं लिहून द्या, पण जरा सकारात्मक लिहा, असं आमच्या चित्रपट मंडळाच्या अध्यक्षांनी मला फोनवर सांगितलं. स्मरणिका काढायची आहे, जळगावच्या पाईपवाल्यांच्या आणि डाळमिलवाल्यांच्या जाहिराती मिळाल्या आहेत, तेव्हा वाचणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे. मी हो म्हणालो. माझा स्वभावच होकार देण्याचा आहे. आयुष्यात एकदाच फार सफाईने नकार दिला, तो कुणाला, कशासाठी, ते पुढे येईलच. हे लिहिलेलं ते छापणार नाहीत याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच मनासारखं लिहितो आहे.

अक्काचं गाव सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून सहा किलोमीटर आत. नाव लिहीत नाही. लिहिलं तर गावाची बदनामी केली म्हणून माझ्यावर मोर्चा काढतील. त्याच गावात एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं तेव्हा गावाची बदनामी झाली असं तिथे कुणालाच वाटलं नव्हतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नऊ वर्षं मास्तर होतो आणि अक्का तिथे पोरांची खिचडी शिजवायची. उंच, काटकुळी बाई. कपाळावर गोंदण, डाव्या गुडघ्याला कायम फडकं बांधलेलं. नवरा लवकर गेला, एकुलती एक लेक सुरतेला दिली. घरात ती एकटी. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना ती सर म्हणायची, मला मात्र भाऊ. कारण तिचं माहेर आणि माझं गाव एकच, अमळनेरजवळचं. माहेरचं कुत्रं आलं तरी बाई त्याला भाकरी टाकते म्हणतात. मी तर चांगला शिकलेला, पगारदार भाऊ होतो.

तिचं एक वाक्य साऱ्या शाळेला पाठ होतं. "भूक इचारू नही, वाढी देवानं." ताटात हात आडवा धरणाऱ्या पोराला ती कधी "पुरे का?" असं विचारायची नाही. पळी रिकामी करायची आणि पुढे जायची. पोरं जेवत असताना ती बसलेली मी नऊ वर्षांत पाहिली नाही. तिला मोजमाप लागायचं नाही. सकाळी प्रार्थनेच्या वेळी फाटकापाशी उभी राहून रांगेकडे नुसती बघायची आणि आत जाऊन तांदूळ काढायची. उरले कधी नाहीत, कमी कधी पडले नाहीत. माझ्या हजेरीपटात चुका निघायच्या, तिच्या पातेल्यात नाही.

एकदा तालुक्याहून एक साहेब आहार तपासायला आले. नियम असा की साहेबांनी चव घेतल्याशिवाय पोरांना वाढायचं नाही. साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत बसले, आणि सव्वाशे पोरं ताटं घेऊन उन्हात. शेवटी साहेब आले, उभ्या उभ्याच चमचा पुढे केला. अक्काने पळी मागे घेतली आणि म्हणाली, "साहेब, चाखनं व्हई तं पोरेसनी पंगतमा बठा. उभ्या उभ्या चमचा चाटीसन काय कयस?" मुख्याध्यापकांना घाम फुटला. साहेब मात्र खरंच खाली बसले, पहिलीच्या पोरांच्या ओळीत, बूट काढून. दोनदा घेतली त्यांनी खिचडी. जाताना वहीत शेरा लिहून गेले की स्वयंपाकीण उद्धट आहे.

दुसरा प्रसंग त्या माणसांचाच, ज्यांच्यामुळे हे सगळं लिहायचं आहे. दरवर्षी पिकं निघाली की माळावर एक बिऱ्हाड येऊन उतरायचं. सुया, मणी, फण्या विकणारी माणसं. केसांवर भांडी द्यायची. आमच्याकडच्या बाया विंचरताना निघालेले केस फेकत नाहीत, गुंडाळा करून भिंतीच्या कोनाड्यात खोचून ठेवतात, ते यांच्यासाठीच. एक म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि दोन लहान मुली. दुपारी त्या मुली शाळेच्या फाटकाला लटकून खिचडीकडे बघत राहायच्या. मुख्याध्यापक म्हणाले, यांची नावं पटावर नाहीत, यांना देता येत नाही. अक्काने दोन ताटं भरली, फाटकाच्या गजांतून बाहेर सरकवली. "हजेरीमा नही तं काय व्हयनं? पोट तं आठेच शे." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी खडू घेऊन वर्गात गेलो. तेव्हाही मी तेच केलं होतं हे आता लिहिताना लक्षात येतंय.

मग माझी बदली जळगावला झाली. मी चारचाकी घेतली, चित्रपट मंडळाचा सभासद झालो, पुढे चिटणीस. जगातले उत्तम सिनेमे सामान्य माणसापर्यंत न्यायचे असं आमचं ध्येय होतं. सामान्य माणूस म्हणजे आमच्याखेरीज बाकी सगळे. एका उन्हाळ्यात आम्ही खेड्यांत जाऊन एक परदेशी सिनेमा दाखवायचं ठरवलं, आणि मी पहिलं नाव अक्काच्या गावाचं सुचवलं. सिनेमा असा की दूरच्या एका देशात एका जमातीची कत्तल चालू आहे. शेजारी शेजाऱ्याला मारतोय, याद्या करून घरं हुडकताहेत. आणि एक साधा शिंपी आणि त्याची बायको नऊ माणसं आपल्या माळ्यावर लपवतात. तीन महिने. फार सुंदर सिनेमा, मी चार वेळा पाहून चार वेळा रडलो होतो.

शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. खाली इंग्रजी अक्षरं यायची, मी माईकवरून मराठीत सांगत होतो. अक्का पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती आणि सबंध सिनेमाभर मोठ्याने बोलत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, कारण अध्यक्ष शेजारी बसले होते. शिंप्याची बायको चूल पेटवते, डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिन. अक्का म्हणाली, "अय माय, नऊ जणेसनी भाकरी आनि दिनभर धूर. शेजारनीले दिसाव नही का?" पुढे म्हणाली, "आनि ह्या बठ्ठा लोके परसाकडे कथा जातस? ते दखाडतच नही." लोक हसले. मी माईक बाजूला करून म्हणालो, अक्का, जरा शांत बस. ती बसली पाच मिनिटं.

सिनेमा संपल्यावर चर्चा. आमच्या मंडळात चर्चा झाल्याशिवाय सिनेमा संपत नाही. मुख्याध्यापक बोलले, माणुसकीवर. अध्यक्ष बोलले, जागतिक परिस्थितीवर. मग मी बोललो. मी म्हणालो, आपल्या प्रत्येकाच्या घरात एक माळा असतो, प्रश्न इतकाच की आपण त्याची शिडी लावतो की नाही. टाळ्या पडल्या. ते वाक्य मी आदल्या दिवशी लिहून पाठ केलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. शेवटी कुणीतरी गमतीने अक्काला विचारलं, तुला कसा वाटला? ती म्हणाली, "चांगला शे. पन शेजारीननी काय करं, ते दखाडंच नही." आम्ही सगळे हसलो, आणि सगळ्यांना मंडळाची माहितीपत्रकं वाटली. त्यावर मागच्या बाजूला चौघांचे मोबाइल नंबर होते. अध्यक्षांचा पहिला, माझा तिसरा.

पुढच्याच उन्हाळ्यात लोकांच्या मोबाइलवर तो निरोप फिरायला लागला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, किडन्या काढतात. खाली कुठल्यातरी परक्या मुलुखातल्या मेलेल्या लेकरांचा फोटो. मलाही आला होता. मी वाचून सोडून दिला. खोटा आहे हे मला कळत होतं, पण खोटा आहे असं उलट लिहून पाठवायला मला वेळ झाला नाही. त्या दिवशी गावात आठवडे बाजार होता. म्हाताऱ्याने एका रडणाऱ्या पोराच्या हातात मण्यांची माळ दिली, एवढंच. कुणीतरी ओरडलं. मग बाजार राहिला बाजूला, आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन माणसं धावली. तागडीची दांडी, तंबूची खुंटी. बारा वर्षं ज्यांच्याकडून बायकांनी सुया घेतल्या, त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

ती पाच माणसं मागच्या बोळातून पळाली. म्हाताऱ्याच्या डोक्यातून रक्त येत होतं, मुलाने त्याला पाठीवर घेतलं होतं. अक्का दारात उभी होती. तिने दार उघडलं, त्यांना आत घेतलं, उंबऱ्यावरचं रक्त पायपुसण्याने पुसलं आणि पुन्हा दारात उभी राहिली. घोळका आला तेव्हा तिने हात वर केला आणि नाल्याकडे दाखवलं. हे तिनेच मला नंतर सांगितलं. मी विचारलं, तेव्हा मनात काय आलं? असले प्रश्न आम्ही मंडळात पाहुण्यांना विचारतो. ती म्हणाली, "काय नही उनं. मी ईचार करती तं दार लागेलच ऱ्हातं."

तिच्या घराला पुढची खोली, मागे चूल आणि मधे एक बिनखिडकीची कोठीची खोली. धान्याच्या कणग्यांमागे तिने त्या पाचांना बसवलं. म्हाताऱ्याच्या डोक्याला हळद दाबून लुगड्याची पट्टी बांधली. रक्त थांबलं, पण म्हातारा बरळायला लागला. ती पोरांचं ताट बघून भूक ओळखणारी बाई. या माणसाला दवाखाना लागणार हे तिला लगेच कळलं. आणि गावाच्या दोन्ही वाटांवर पोरं मोटारसायकली आडव्या लावून बसली होती, येणारी-जाणारी वाहनं तपासत. गावातलं कुठलंही वाहन घेतलं तर बातमी फुटणार. म्हणून तिने बटणांचा फोन काढला आणि आमचं माहितीपत्रक.

पहिला फोन तिने मला लावला. मंडळाचा म्हणून नव्हे, माहेरचा म्हणून. दुपारचे चार वाजले होते. "भाऊ, गाडी लई ये," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हातारानं डोकं फुटेल शे. तुन्ही गाडी कोणी थांबाडाव नही." आणि मग दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ते खरं होतं. नऊ वर्षं ज्याने शिकवलं त्या सरांची गाडी त्या पोरांनी थांबवली नसती. त्यांतले निम्मे माझ्या हातून बाराखडी शिकलेले. थांबवली असती तरी हसून सोडली असती.

मी म्हणालो, "अक्का, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे."

गाडी खाली उभी होती. मी बोलत होतो त्या खिडकीतून मला तिचं टप दिसत होतं. त्याच संध्याकाळी त्याच गाडीने मी बायकामुलांना घेऊन अमळनेरला मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलो. श्रीखंड होतं. मी दोनदा घेतलं. भीती वाटली, हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण खरं सांगायचं तर भीतीसुद्धा नंतर वाटली. आधी वाटला तो वैताग, की आता हे कुठे मधेच. या माणसांसाठी साखरपुडा सोडायचा, सीटवर रक्त लागणार, पुढे साक्षीपुरावे. एवढं सगळं माझ्या डोक्यात अर्ध्या मिनिटात येऊन गेलं, आणि ओठांवर सर्व्हिसिंग आलं. ती म्हणाली, "बरं, भाऊ." फोन ठेवला.

मग तिने पत्रकावरचे बाकीचे नंबर लावले. अध्यक्ष म्हणाले, पोलिसांना कळवा, आणि पुढे काही सांगायच्या आत फोन बंद केला. दुसऱ्याने कोण बोलतंय तेच नीट ऐकलं नाही. चौथ्याचा लागला नाही. शेवटी मुख्याध्यापकांना लावला, ते म्हणाले, मी बाहेरगावी आहे, आणि मागे शाळेच्या घंटेसारखी त्यांच्या घरातल्या देवाची घंटा वाजत होती, ती तिने फोनमध्येही ओळखली आणि शेजारच्या गल्लीतूनही ऐकली. दुसऱ्या दिवशी पोलिसांची जीप आली. बाजारात उभं राहून विचारपूस केली. जीपला पाणी आणून देणारा माणूस तोच होता ज्याच्या हातात आदल्या दिवशी खुंटी होती. अक्काने ते दारातून बघितलं आणि तोंड मिटून ठेवलं.

आता पाच माणसांना जेवू घालायचं, तेही एकट्या विधवेच्या घरात, जिथे दिवसाला दोन भाकऱ्यांच्या वर तवा तापत नाही. अक्काला आमचा सिनेमा आठवला. ती शिंपीण कुठे चुकली ते तिला पाठ होतं. तिने युक्ती काढली. ज्वारी तीन दिवसांपासून भिजत पडलीच होती, बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस होते. बिबड्या घालायच्या म्हणजे पहाटेपासून मोठी चूल, ढीगभर लाकूड, पातेलंभर शिजलेला ज्वारीचा लगदा, म्हणजे घाटा. धूर निघाला तरी कुणी विचारणार नाही, आणि घाटा खाऊन पाच माणसं दोन दिवस काढतील. तिने दुसऱ्याच दिवशी भल्या पहाटे चूल पेटवली.

आणि इथे ती चुकली. अशी चूक आमच्याकडचीच बाई करू शकते. बिबड्या एकटीने होत नाहीत. घाटा गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापावा लागतो, एकीचे दोन हात पुरत नाहीत. म्हणून खानदेशात कुणाच्या घरातून घाट्याचा वास आला की गल्लीतल्या बाया न बोलावता तांब्या-फडकं घेऊन येतात. बोलावणं धाडलं तर उलट अपमान. चाळीस वर्षं अक्का अशीच दुसऱ्यांच्या घरी गेली होती. शिंपिणीच्या धुरावर बोलणारी बाई स्वतःच्या घाट्याचा वास विसरली. "मी त्या बाईले हासनी," ती मला म्हणाली, "आनि मन्हीच अक्कल कामले उनी नही."

चार बाया आल्या. पुढे होती तिला इथे निर्मला म्हणू. तिचं नाव निराळं आहे, तिला त्याच गावात राहायचं आहे. तिचा थोरला मुलगा वाटेवर मोटारसायकल घेऊन बसलेल्यांत होता. "का वो अक्का, बिबडा करी राह्यनी आनि सांगं बी नही?" असं म्हणत ती घरात शिरली, पाठोपाठ तिघी. नको म्हणायची सोय नव्हती. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, खाटा टाकल्या, फडकी ओली केली, आणि एक जण घाटा वर न्यायला कोठीच्या दारावरून ये-जा करू लागली. निर्मला चुलीपाशी घाटा काढत होती. तेवढ्यात आतून धाकटी मुलगी खोकली.

अक्का म्हणते, पळी माझ्या हातात होती ती मी खाली ठेवली. निर्मलाने तिच्याकडे बघितलं. मग कोठीच्या दाराकडे. कोपऱ्यात पायपुसणं धुवून वाळत घातलेलं होतं, त्याच्याकडे. मुलगी पुन्हा खोकली, आणि निर्मलाने एकदम मोठ्याने गाणं सुरू केलं. कानबाईचं, श्रावणातल्या देवीचं. भर वैशाखात. वरून एकीने ओरडून विचारलं, "आते कोठली कानबाई वो? रोट तं सावनमा ऱ्हातस." निर्मला थांबली नाही. घाट्याचं भगुलं डोक्यावर घेऊन गातच ती जिना चढली. वर काय खाणाखुणा झाल्या ते अक्काला माहीत नाही. पण थोड्या वेळात चौघींचे आवाज एकत्र आले, आणि सकाळी दहापर्यंत श्रावणातली सगळी गाणी म्हणून झाली. खालून जाणारे पुरुष हसत होते, बायांना ऊन चढलं म्हणून. आम्ही सिनेमा पाहून रडलो होतो, आणि शेजारीण काय करते ते या चौघींनी न रडता दाखवलं.

त्यातल्या एकीनेही घरी तोंड उघडलं नाही. जाताना निर्मला एवढंच बोलली की उद्या दुपारी गावातलं लग्न आहे, वाटा मोकळ्या होतील. पण उद्या म्हणजे तिसरा दिवस. म्हातारा दुसऱ्या रात्रीपासून डोळे उघडत नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळं गाव मांडवात जेवायला बसलं तेव्हा त्याला खाटेवर घेऊन ते नाल्यानाल्याने निघाले. दोन बाजू मुलाने आणि सुनेने धरल्या, दोन अक्काने आणि निर्मलाने. पुढे दोन मुली. सहा किलोमीटर, उन्हात, फडकं बांधलेल्या गुडघ्यावर. हायवेवर एक ट्रक थांबला. ड्रायव्हर परमुलखातला, त्याला आमची भाषाही येत नव्हती. त्याने काही विचारलं नाही, खाट वर घेतली आणि पाचांना धुळ्याला दवाखान्यात नेऊन सोडलं. त्याला आम्ही कुठला सिनेमा दाखवलेला नव्हता. म्हातारा त्या संध्याकाळी गेला. डॉक्टर मुलाला म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर आशा होती.

हे वाक्य मी वर्तमानपत्रात वाचलं नाही. तिथे फक्त आलं होतं की जमावाच्या मारहाणीत एका वृद्धाचा मृत्यू. म्हाताऱ्याच्या मुलाकडून कळलेलं ते वाक्य अक्काने मला सांगितलं, अकरा दिवसांनी, मी धीर करून तिच्याकडे गेलो तेव्हा. चुलीपुढे बसून ती बिबड्या भाजत होती आणि सगळं पहिल्यापासून सांगत होती, मी वर लिहिलंय तसं. डॉक्टरांचं वाक्य तिने सांगितलं आणि भाजलेली बिबडी माझ्या ताटात ठेवली. गाडीचा विषय तिने काढला नाही. मी तरी काढायला हवा होता. मी म्हणालो, फार ग्रेट काम केलंस अक्का. ती म्हणाली, "पाच रहो का पन्नास रहो, दार तं एकच उघाडनं पडस." आणि मला पाणी दिलं.

गावाला अर्थातच कळलं. म्हाताऱ्याच्या मुलाच्या जबाबात एका बाईचा उल्लेख होता. गावाने तिला मारलं नाही, घर जाळलं नाही. आपली माणसं सभ्य आहेत. शाळेच्या समितीने खिचडीचं काम काढून घेतलं, कारण लिहिलं वय. किराणा दुकानात तिचा नंबर शेवटी लागायला लागला. आणि पुढच्या उन्हाळ्यात तिने बिबड्यांची चूल पेटवली तेव्हा एकही बाई आली नाही. त्या चौघींनाही येता आलं नाही, घरून दम होता. सकाळभर गल्लीत वास दरवळला आणि सकाळभर दारं बंद राहिली. "घाटा थंडा व्हयी गया," तिने मला फोनवर सांगितलं. "निम्मा ढोरेसले टाका." तिचा आवाज रडवेला मी त्या एकदाच ऐकला. त्या पाचांसाठी ती रडली नव्हती, पण चाळीस वर्षं ज्यांच्या घरचा घाटा थापला त्या बायांनी दारं लावली हे तिला सोसवलं नाही. दिवाळीनंतर तिने घराला कुलूप लावून सुरतेला लेकीकडे जायचं ठरवलं.

जाण्याआधी तिचा सत्कार करावा ही कल्पना माझी. का, ते सांगायला नको. अध्यक्षांना आवडली. तोच शिंप्याचा सिनेमा पुन्हा दाखवायचा, आणि आधी अक्काला शाल-श्रीफळ. जळगावात हॉल भरला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आमच्या एका प्रयोगामुळे एका अशिक्षित स्त्रीच्या मनात केवढा प्रकाश पडला. तिने त्यांना फोन केला होता हे त्यांना आठवतही नव्हतं. मी शेजारी बसून मान हलवत होतो. मग तिच्या हातात माईक दिला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला. "त्या म्हातारानं नाव धर्मा व्हतं," ती म्हणाली. "बारा साल तो मन्हा दारवर येत व्हता, मी कव्हयच नाव इचारं नही. त्या तीन दिनमा इचारं. तुम्हीन बी कोणी इचारं नही, म्हनीसन सांगस." आणि माईक खाली ठेवून दिला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सबंध हॉलने टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसाच्या नावावर टाळ्या. उभे राहून. मीसुद्धा वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

सिनेमा सुरू झाला तशी ती उठली. मी मागोमाग बाहेर आलो. म्हणालो, अक्का, चल, मी सोडतो गावापर्यंत, गाडी आणली आहे. गाडी फाटकाजवळच होती, सकाळीच धुऊन आणलेली. अक्का तिच्याजवळ गेली. काचेतून आत बघितलं, मागच्या सीटकडे. तिथे एक माणूस आडवा निजेल एवढी जागा आहे, ते मी कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. तिने दाराच्या कडीला हात लावला नाही.

"हाई गाडी तव्हय पाह्यजे व्हती, भाऊ," ती म्हणाली. "आज एष्टी शे."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला बरं वाटलं असतं. स्टँडपर्यंत मी तिच्यामागे चालत गेलो, तिने मागे वळून पाहिलं नाही. धुळ्याची गाडी लागलेली होती. गुडघ्यावर हात टेकून ती एकेक पायरी चढली, कंडक्टरने तिची पिशवी आत घेतली, आणि मी उभा होतो त्या बाजूची खिडकीची जागा सोडून ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.